क्रिप्टोच्या चाव्या, मेहुणे आणि हरिपूरची पेवे

वाचकाचे पत्र, थोडक्यात : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका आडत पेढीवर हिशेबनीस म्हणून काम करणारे, गावभागात राहणारे एक्केचाळीस वर्षांचे एक वाचक लिहितात की, २०२१ पासून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून ते बिटकॉइन आणि इथेरियम ही क्रिप्टो, म्हणजे आभासी नाणी घेत आले आहेत. आज त्यांची किंमत साधारण सहा लाख रुपये भरते आणि ते सगळे एकाच भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या ऑनलाइन कंपनीकडे आहे. गेल्या महिन्यात त्या एक्स्चेंजच्या ‘सुरक्षा विभागातून’ बोलतो असे सांगणाऱ्याचा फोन आला. ‘तुमच्या खात्यात दिल्लीहून कोणी शिरू पाहत आहे, ते थांबवायचे तर आत्ता आलेला ओटीपी सांगा,’ असे तो म्हणाला. मोबाईलवर खरोखरच ओटीपी येऊन पडला होता. वाचकांनी तो न सांगता फोन तोडला. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेले मेहुणे, म्हणजे पत्नीचे धाकटे भाऊ, म्हणतात की एक्स्चेंजवर काहीच ठेवू नये. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावरून ते एक हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोची चावी सांभाळणारे छोटे यंत्र) स्वस्तात घेऊन देतील, सगळे बसवून देतील आणि त्याचे गुप्त शब्द स्वतःच्या ईमेलमध्ये सांभाळतील. पत्नीला या गुंतवणुकीची कल्पना नाही. एक्स्चेंजचा आणि ईमेलचा पासवर्ड एकच आहे, हेही वाचकांनी शेवटी जाता जाता लिहिले आहे. त्यांचा प्रश्न असा : हॅकरला भेदता येणार नाही असे वॉलेट कोणते, आणि तसे नसेलच तर सगळे विकून मोकळे व्हावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात त्या फोनची हकिकत चार ओळींत आटोपली आहे आणि वॉलेटची चौकशी दोन पाने भरून आहे. मी उलट्या मापाने उत्तर देणार आहे, कारण माझ्या मते तुमच्यावरचे संकट त्या चार ओळींत आहे. हॅकर म्हणजे दूर कुठेतरी बसून कुलपे फोडणारा कोणी निष्णात माणूस, आणि त्याला तोंड द्यायचे तर आपल्यालाही तसेच भक्कम यंत्र हवे, अशी तुमची समजूत पत्रातून दिसते. प्रत्यक्षात तुमचा हॅकर तुमच्याशी बोलून गेला. त्याने काहीही फोडले नाही, फक्त एक आकडा मागितला आणि तो तुम्ही दिला नाही. इथपर्यंत तुम्ही अगदी योग्य वागलात.

परंतु ओटीपी आपण होऊन येत नाही. तो तुमच्या मोबाईलवर आला, याचा अर्थ त्या क्षणी कोणीतरी तुमच्या खात्याच्या दारात उभे होते. एकतर त्याच्याकडे तुमचा पासवर्ड आधीच होता आणि पुढच्या पायरीवर तो अडला होता, किंवा ‘पासवर्ड विसरलो’ हे बटण दाबून तो नवा पासवर्ड बसवायला निघाला होता. पहिली शक्यता मला अधिक वाटते, कारण एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणाऱ्यांचे पासवर्ड कुठल्यातरी किरकोळ संकेतस्थळाच्या फुटलेल्या यादीतून बाहेर पडतात आणि मग तेच मोठ्या खात्यांवर लावून पाहिले जातात. तुम्ही फोन तोडलात, पण पासवर्ड बदलल्याचे पत्रात कुठेही लिहिलेले नाही. बदलला नसेल, तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी तेवढे करा. आधी ईमेलचा बदला, मग एक्स्चेंजचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ज्याच्या हाती ईमेल आहे तो बाकी सगळ्या ठिकाणचे पासवर्ड नव्याने मागवू शकतो. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या उपकरणांवर ते खाते उघडे आहे ते पाहा आणि सगळीकडून बाहेर पडा. आलेली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सूचना कोणी तिथे लावून ठेवलेली नाही ना, तेही तपासा. ही जागा सहसा कोणी पाहत नाही.

यापुढे क्रिप्टोसाठी वेगळे ईमेल खाते ठेवावे, असे मी सुचवीन. ते पेढीवर, मुलांच्या शाळेत किंवा किराणा मागवण्याच्या ॲपवर कोणालाही द्यायचे नाही. त्या दोन्ही खात्यांचे पासवर्ड लांब आणि एकमेकांहून वेगळे असावेत. ते लक्षात ठेवण्याचा अट्टहास नको. पासवर्ड सांभाळणारे एखादे नावाजलेले ॲप वापरावे, आणि तेही नको असेल तर वहीत लिहून ती वही घरातल्या कपाटात कुलपात ठेवावी. वहीचे नाव काढले की संगणकवाले नाक मुरडतात, पण तुमच्या बाबतीत धोका इंटरनेटवरून येतो आहे आणि इंटरनेटवरून गावभागातले कपाट उघडता येत नाही.

दुसरी गोष्ट ओटीपीची. एसएमएसने येणारा ओटीपी तुमच्या सिमकार्डावर अवलंबून असतो आणि तुमच्या नावाची खोटी कागदपत्रे देऊन दुसरे सिम काढून घेण्याचे प्रकार आपल्याकडे होत आले आहेत. म्हणूनच सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याची व्यवस्था दूरसंचार विभागाने केली, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. या नियमांनी तुम्हाला थोडा अवधी मिळतो, पण तो वापरायचा तर मोबाईलची रेंज अकारण तासन्‌तास गेल्यावर ‘टॉवरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून गप्प न बसता दुसऱ्या फोनवरून कंपनीकडे चौकशी करायला हवी. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते; तेही एकदा पाहून घ्या.

याहून बरे म्हणजे एक्स्चेंज आणि ईमेल या दोन्ही ठिकाणी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावणे. ते दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी क्रमांक तुमच्याच फोनवर तयार करते, त्याचा सिमशी संबंध नसतो. हे लावताना जे राखीव कोड मिळतात ते कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर फोन हरवला की चोराआधी तुम्हीच बाहेर राहाल. अर्थात हा क्रमांकही तुम्ही खोट्या पानावर टाकलात किंवा फोनवर सांगितलात तर ओटीपीइतकाच निकामी ठरतो. ‘पासकी’ची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्येच साठवलेल्या डिजिटल चावीची सोय असेल तर ती अधिक चांगली, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर चालतच नाही. एक्स्चेंजचे नाव गूगलवर शोधून येणाऱ्या पहिल्या दुव्यावर टिचकी मारण्याची सवयही सोडा. सगळ्यात वर जे दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि जाहिरातीची जागा ठगांनाही विकत घेता येते.

एक्स्चेंजच्या सेटिंगमध्ये आणखी एक सोय बहुतेक ठिकाणी असते, ती म्हणजे रक्कम फक्त आधी नोंदवलेल्या पत्त्यांवरच (वॉलेटचा पत्ता म्हणजे बँकेच्या खाते क्रमांकासारखा) जाऊ देण्याची. नवा पत्ता नोंदवला की तो चालू व्हायला साधारण दिवसभर लागतो, त्यामुळे कोणी आत शिरलेच तरी त्याला लगेच काही नेता येत नाही आणि तुम्हाला ईमेलवर सूचना मिळते. ही सोय आजच चालू करा. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून जी ‘एपीके’ फाईल, म्हणजे परस्पर ॲप बसवणारी फाईल येते, ती ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण ज्याचा फोन असा बळी पडला आहे त्याच्याच नावाने ती पुढे जात असते. एकदा ती फोनमध्ये बसली की एसएमएस वाचणे तिला सहज जमते. ‘मदतीसाठी’ म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवून घ्यायला सांगणाऱ्यांचेही हेच आहे : तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसू लागतो, मग ओटीपी विचारावाही लागत नाही.

आता मेहुण्यांचे म्हणणे. ते चुकीचे नाही, अर्धे आहे, आणि तुम्ही आडतीवर काम करता म्हणून ते तुमच्याच व्यवसायाच्या भाषेत मांडतो. शेतकऱ्याने राजापुरी हळद आडत दुकानात आणून टाकली की सौदा झटकन होतो, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब हातात मिळतो. पण तोपर्यंत माल दुसऱ्याच्या ताब्यात असतो आणि पेढी अडचणीत आली तर तोही अडकतो. तीच हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात उतरवून तोंड मातीने बंद केले तर वर्षानुवर्षे टिकते, मात्र हवी तेव्हा लगेच विकता येत नाही आणि पेवाची काळजी मालकालाच वाहावी लागते. एक्स्चेंज म्हणजे आडत आणि स्वतःचे वॉलेट म्हणजे पेव. दोन्हींत माल बुडू शकतो, फक्त कारणे वेगळी असतात.

आडत बुडाल्याचे ताजे उदाहरण दूरचे नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचे क्रिप्टो चोरीला गेले. ज्या वॉलेटमधून ते गेले त्यातून रक्कम हलवायला एकापेक्षा अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. ग्राहकांचा काही दोष नसताना त्यांना आपले क्रिप्टो वर्षभराहून अधिक काळ काढता आले नाही. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या परदेशी एक्स्चेंजवरून सुमारे दीडशे कोटी डॉलरचे इथेरियम गेले. तिथे तर सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही होत होती भलत्याच व्यवहारावर. दोन्ही चोऱ्यांमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे अमेरिकी सरकारने जाहीरपणे म्हटले आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा कोणताही विमा भारतात एक्स्चेंजवरच्या शिल्लकेला नाही. एक्स्चेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेले आहे का, हे अवश्य पाहावे, पण त्या नोंदणीचा संबंध काळा पैसा पांढरा करणे (मनी लाँडरिंग) रोखण्याच्या कायद्याशी आहे. तुमची रक्कम परत मिळण्याची ती हमी नव्हे.

म्हणून मेहुणे म्हणतात त्यात तथ्य आहे. पण त्यांनी जी पद्धत सुचवली आहे, ती मला एक्स्चेंजवर ठेवण्यापेक्षा अधिक धोक्याची वाटते, आणि हे मी त्यांच्या हेतूविषयी तिळमात्र शंका न घेता म्हणतो. हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी साठवलेली नसतात. नाण्यांची नोंद त्या-त्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामायिक नोंदवहीत, जगभर असते, वॉलेटमध्ये फक्त ती हलवण्याची चावी असते, आणि ती चावी १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांत मांडलेली असते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून यंत्रच निवडते आणि त्यांचा अंदाज बांधणे कोणालाही शक्य नाही. मात्र ज्याच्या हाती ते शब्द पडले त्याला तुमचे यंत्र लागत नाही, पिन लागत नाही, तुमची परवानगी तर नाहीच. तो दुसऱ्या कोणत्याही वॉलेटमध्ये ते शब्द टाकून सगळे घेऊन जातो आणि तो व्यवहार उलटवणारी कोणतीही बँक, कंपनी वा न्यायालय त्या साखळीवर बसलेले नाही. असे शब्द मेहुण्यांच्या ईमेलमध्ये ठेवणे म्हणजे तुमचे सहा लाख त्यांच्या ईमेलच्या पासवर्डवर सोडणे. उद्या काही विपरीत घडले, तर चोर सापडणार नाहीच, शिवाय नात्यात जो संशय शिरेल तो निघणार नाही. मेहुण्यांना हेच सांगा : ‘तुम्ही शेजारी बसून शिकवा, पण शब्द लिहिताना खोलीबाहेर जा.’ संगणकातला जाणकार माणूस याचा राग धरणार नाही.

जुने, वापरलेले वॉलेट मुळीच घेऊ नका. ते बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. आणि खोक्यात आधीच छापलेले किंवा लिहिलेले शब्द निघाले, तर ते यंत्र वापरायचे नाही. ते शब्द ज्याने लिहिले तो तुम्ही पैसे भरण्याची वाट पाहत असतो. शब्द नेहमी तुमच्यासमोर, यंत्राच्या छोट्या पडद्यावर तयार व्हायला हवेत. त्यांचा फोटो काढू नये, ते संगणकावर टंकू नयेत, आणि कोणत्याही संकेतस्थळाने वा ‘ग्राहक सेवेने’ ते मागितले तर तो शंभर टक्के ठग समजावा.

मग ते ठेवायचे कुठे? इथे तुमचा गावभागचा पत्ता मला अडवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत दोरीवर कपड्यांबरोबर सातबारे, गुणपत्रिका आणि विम्याची कागदपत्रे वाळत घातलेली मी पाहिली आहेत. शाई उतरलेली, एकमेकांना चिकटलेली. पेवाचेही तेच. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या कित्येक पेवांत पाणी शिरले आणि आतली हळद कुजून गेली. कीड आणि चोर यांच्यापासून सुरक्षित असलेली जागा पाण्यापासून सुरक्षित असतेच असे नाही. तेव्हा शब्द कागदावर तर लिहाच, पण एक प्रत स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवा. भांड्यांवर नावे घालून देणारे आपल्या बाजारात बसतात, म्हणून काम त्यांना देऊ नका. अक्षरांचे ठसे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, एका रविवारी घरीच ठोकता येतात. एक प्रत घरात आणि दुसरी पुराच्या पाण्याबाहेर, म्हणजे विट्या-खानापूरकडे एखादे सख्खे नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, बंद पाकिटात. प्रत्येक शब्दाचा क्रमांकही लिहा, कारण क्रम चुकला तर शब्द असून उपयोग नाही.

वॉलेट बसल्यावर आधी पाचशे-हजार रुपयांचेच क्रिप्टो त्यावर पाठवा. मग यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि लिहून ठेवलेल्या शब्दांवरून पुन्हा उभे करा. रक्कम दिसली, तर तुमची प्रत बरोबर आहे. हे न करता सगळी रक्कम हलवणारे लोक पुढे एका शब्दाच्या स्पेलिंगपायी हळहळताना मी पाहिले आहेत. पाठवताना पत्ता कॉपी केला तरी चिकटवल्यावर तो यंत्राच्या पडद्यावर पूर्ण जुळवून पाहा, कारण संगणकातील काही विषाणू मधल्या मध्ये पत्ता बदलतात. शिवाय जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. तुमच्या पत्त्याशी सुरुवात आणि शेवट जुळणाऱ्या पत्त्यावरून नगण्य रक्कम पाठवून तो यादीत घुसवण्याची एक युक्ती ठगांनी काढली आहे. आणि कोणत्या नेटवर्कवरून, म्हणजे कोणत्या साखळीवरून पाठवायचे तेही बघून घ्या, चुकीचे निवडले तर रक्कम मिळवणे अवघड होऊन बसते.

माझा स्पष्ट सल्ला विचाराल तर पुढचे तीन महिने सगळे आहे तिथेच असू द्या आणि ईमेल, ऑथेंटिकेटर, नोंदवलेले पत्ते ही कामे पुरी करा. तेवढे नीट जमले, तर वर्षानुवर्षे ठेवायचा भाग नव्या हार्डवेअर वॉलेटवर न्या आणि अधूनमधून खरेदी-विक्रीला लागणारा लहान भाग एक्स्चेंजवर राहू द्या. यंत्र पुसून पुन्हा उभे करण्याची परीक्षा द्यायचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी मात्र एक्स्चेंजवरच राहावे. निष्काळजी माणसाच्या हातातले स्वतःचे वॉलेट हे कुलूप लावलेल्या एक्स्चेंजपेक्षा वाईट, असे माझे मत आहे, आणि मेहुण्यांसारख्या तज्ज्ञांना ते पटत नाही याची मला जाणीव आहे.

विकून टाकण्याविषयी थोडेच लिहितो. नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो, हे हिशेबनीस म्हणून तुम्हाला ठाऊक असेलच. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणे ही विक्री नव्हे, तरी त्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक वहीत नोंदवून ठेवावा. हे पैसे मुलांच्या शिक्षणाचे असतील आणि भावातल्या चढउतारानेच जीव टांगणीला लागत असेल, तर विकणे शहाणपणाचे ठरेल. एका फोनच्या धास्तीने विकू नका.

उरली ती गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुमच्या गुंतवणुकीची माहिती तुमच्या पत्नीच्या सख्ख्या भावाला आहे आणि पत्नीला नाही. ‘कमी लोकांना माहीत तेवढे सुरक्षित’ असे तुम्ही लिहिले आहे, ते त्या गुप्त शब्दांपुरते खरे आहे. गुंतवणूक आहे या गोष्टीला ते लागू होत नाही. उद्या तुमच्या जिवाचे काही बरेवाईट झाले, तर बँकेत नामनिर्देशन असते, विमा कंपनी कागद पाठवते; स्टीलच्या पट्टीवर कोरलेले चोवीस शब्द मात्र भंगारात जातील, कारण ते काय आहे हे घरात कोणालाच कळणार नाही. शिवाय ज्याची गोष्ट घरात ठाऊक नसते त्याला घाबरवणे ठगांना सोपे जाते. त्या दिवशी फोन आला तेव्हा बाजूला कोणी असते, तर पासवर्ड बदलायचा राहिला असता का?

पत्नीला शब्द सांगण्याची गरज नाही. अशी गुंतवणूक आहे, साधारण इतकी आहे, पाकीट अमुक ठिकाणी आहे आणि ते उघडायची वेळ आली तर फक्त तुझ्या भावापुढे, दुसऱ्या कोणापुढे नाही, एवढे सांगणे पुरे. चार वर्षांहून जुनी गोष्ट लपवल्याचा राग येईल, तो येऊ द्या. मेहुण्यांच्या तोंडून त्यांना ती कळली तर मात्र तुम्हाला काही बोलायला जागा उरणार नाही.

आणि एवढे करूनही कधी रक्कम गेलीच, तर पहिल्या तासात १९३० या क्रमांकावर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार टाका, एक्स्चेंजला लेखी कळवून खाते गोठवायला सांगा आणि व्यवहार क्रमांक, पत्ते, संदेश यांचे स्क्रीनशॉट घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. त्यानंतर काही दिवसांत ‘तुमची चोरीला गेलेली नाणी परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असे सांगणारा कोणीतरी येईल. तो पहिल्याच टोळीचा असतो किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेला असतो. त्याचाही फोन तसाच तोडा, जसा गेल्या महिन्यात तोडलात.